लाल खटक्याचा इतिहास : ११५, २३० आणि जळालेले पॉवर सप्लाय

१/२४
जुन्या संगणकाच्या पाठीमागे, वीजतार खोचण्याच्या जागेशेजारी एक लहानसा लाल खटका असे. त्याच्या एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३० हे आकडे कोरलेले असत. भारतात तो २३० वर असणे आवश्यक होते. तो ११५ वर राहिला आणि कोणी बटण दाबले, तर एक मोठा आवाज, पांढरा धूर, जळका वास आणि घरातला फ्यूज उडालेला, एवढे सारे एका सेकंदाच्या आत घडून जाई. असा संगणक मग दुरुस्तीच्या टेबलावर येई. एकाच यंत्राला दोन विद्युतदाबांची सोय का ठेवावी लागली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना १८८२ सालापर्यंत मागे जावे लागते.

२/२४
४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे थॉमस एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. आरंभी सुमारे ४०० दिवे त्यावर जोडलेले होते. प्रवाह एकदिश, म्हणजे डीसी, आणि दाब सुमारे ११० व्होल्ट. हा आकडा दिव्यामुळे ठरला. एडिसनच्या दिव्यातील तंतू कार्बनचा होता. दाब वाढवायचा तर तो तंतू अधिक लांब आणि अधिक बारीक करावा लागे, आणि तसा तंतू लवकर तुटे. शंभर व्होल्टच्या आसपास दिवा टिकाऊही होता आणि बनवायला सोपाही. एका दिव्याच्या सोयीसाठी निवडलेला हा आकडा पुढे एका अख्ख्या खंडाचा आकडा ठरला.

३/२४
कमी दाबाची किंमत तांब्यात मोजावी लागते. तीच शक्ती अर्ध्या दाबाने पोहोचवायची तर प्रवाह दुप्पट लागतो, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहिले, तर दाब दुप्पट केल्यास तेवढीच शक्ती तेवढ्याच टक्के नुकसानीत पोहोचवण्यासाठी तांबे केवळ एक चतुर्थांश पुरते. एडिसनला हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने तीन तारांची पद्धत आणली. बाहेरच्या दोन तारांमध्ये २२० व्होल्ट आणि मधली तार धरून प्रत्येक बाजूला ११० व्होल्ट. अमेरिकेतील घरांत आजही मधली तार धरून १२० आणि दोन टोकांमध्ये २४० व्होल्ट मिळतात. त्या रचनेचे मूळ येथे आहे.

४/२४
याच काळात युरोपात रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, घडत होते. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी यांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे व्यवहार्य रोहित्र तयार केले. अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली याने १८८६ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन या गावात प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, प्रवाहाचे जाळे चालवून दाखवले. १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर अंतरावर तीन फेजची वीज पोहोचली. दाब हवा तेव्हा चढवता आणि उतरवता येऊ लागला. तरीही ग्राहकाच्या भिंतीवरील खटक्यापाशी किती व्होल्ट द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने सोडवला. पुढच्या शतकातील सारा घोळ या मोकळीकीतून जन्मला.

५/२४
बर्लिनच्या वीजकंपनीने १८९९ मध्ये २२० व्होल्टकडे जाण्याचा निर्णय घेतला. दुप्पट दाब सोसणारे दिवे तोवर बनू लागले होते. ग्राहकांचे जुने दिवे आणि मोटारी बदलून देण्याचा खर्च मोठा होता. मात्र तांब्यात होणारी बचत त्याहून अधिक होती. जर्मनीतील इतर शहरांनी आणि हळूहळू युरोपाने तोच मार्ग धरला. अमेरिकेत तोवर लक्षावधी दिवे आणि उपकरणे ११० च्या हिशेबाने विकली गेली होती. ती सगळी बदलणे कोणत्याच कंपनीला परवडणारे नव्हते. आधी विजेचे जाळे उभारणारा देश जुन्या आकड्याला बांधला गेला आणि उशिरा उभारणाऱ्यांना तांबे वाचवता आले.

६/२४
ब्रिटनची स्थिती तर याहून विस्कळीत होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एकट्या लंडनमध्ये सुमारे ७० वीजसंस्था, १० वेगवेगळ्या वारंवारता आणि २४ वेगवेगळे दाब होते. रस्ता ओलांडून बिऱ्हाड हलवले, तर दिवे आणि इस्त्री निकामी ठरण्याची शक्यता होती. १९२६ च्या कायद्याने केंद्रीय वीजमंडळ स्थापन झाले आणि ५० हर्ट्झचे राष्ट्रीय जाळे उभे राहू लागले. घरगुती दाब पुढे २४० व्होल्टवर स्थिरावला. उपकरण विकत घेताना त्यावरचा दाबाचा आकडा वाचण्याची सवय ब्रिटिश ग्राहकाला या काळाने लावली.

७/२४
भारतात वीज आली ती या ब्रिटिश घडीतून. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले, कलकत्त्यात १८९९ मध्ये औष्णिक केंद्र. मुंबईत १९०५ मध्ये वीजपुरवठा व ट्रामची कंपनी स्थापन झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली आणि १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज शहरात पोहोचली. स्वातंत्र्यापर्यंत गावोगावचे खासगी परवानाधारक आपापल्या पद्धतीने वीज देत, काही ठिकाणी डीसीसुद्धा. पुढे देशभर ५० हर्ट्झ आणि २३० ते २४० व्होल्ट ही घडी बसली. कवटीचे चित्र आणि त्याखाली ‘धोका ४४० व्होल्ट’ ही पाटी मराठी माणसाच्या बोलण्यात उतरली, तीही याच तीन फेजच्या जाळ्यामुळे.

८/२४
इतर देशांनी आपापली वाट धरली. जपानच्या पूर्वेने जर्मन जनित्रे घेतली आणि पश्चिमेने अमेरिकन. परिणामी आजही तेथे दाब सर्वत्र १०० व्होल्ट असला, तरी टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६० हर्ट्झ आहेत. ब्राझीलमध्ये काही शहरांत १२७ व्होल्ट, तर काहींत २२० व्होल्ट मिळतात. सौदी अरेबियात दीर्घकाळ १२७ आणि २२० हे दोन्ही दाब शेजारी नांदले. आखातात नोकरीला गेलेली कोकणातील माणसे सुट्टीत टेपरेकॉर्डर आणि मिक्सर घेऊन परतत, तेव्हा खोक्यासोबत विद्युतदाबाचा हा इतिहासही घरी येई.

९/२४
घरातील पहिले नाजूक इलेक्ट्रॉनिक यंत्र म्हणजे रेडिओ. अमेरिकेत स्वस्त रेडिओ बनवण्यासाठी रोहित्रच वगळले जाई. पाच व्हॉल्व्हचे तंतू एका माळेत जोडत. तिघांना प्रत्येकी सुमारे १२, एकाला ३५ आणि एकाला ५० व्होल्ट. सारी बेरीज १२० च्या जवळ येई आणि माळ थेट भिंतीतील विजेवर चाले. असा संच एसीवरही वाजे आणि डीसीवरही. मात्र २३० व्होल्टच्या गावात तो जोडला, तर माळेतील सर्वांत कमकुवत तंतू तुटून संच मुका होई. दुरुस्ती सोपी होती. तुटलेला व्हॉल्व्ह बदलायचा आणि जास्तीचा दाब पचवण्यासाठी माळेत एक मोठा रोधक बसवायचा. तो रोधक भट्टीसारखा तापे.

१०/२४
युरोपीय कंपन्यांनी वेगळा उपाय केला. त्यांच्या रेडिओत रोहित्र असे आणि त्याच्या प्राथमिक गुंडाळीतून ११०, १२७, २२०, २४० अशा अनेक जोडण्या बाहेर काढलेल्या असत. मागच्या बाजूला एक फिरती चकती किंवा खुंटी असे. ग्राहकाने आपल्या गावचा आकडा तेथे लावायचा. ११० ची जोडणी २३० वर लावली गेली, तर रोहित्राचा लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होई, म्हणजे आणखी चुंबकत्व सामावून घेण्याची त्याची क्षमता संपे. मग गुंडाळीतून वाहणाऱ्या प्रवाहाला आवर राहत नसे. रोहित्र गुरगुरे, तापे, तारेवरील वार्निश करपे आणि वेढ्याला वेढा चिकटून रोहित्र कायमचे निकामी होई.

११/२४
अशा रोहित्राची दुरुस्ती म्हणजे रिवाइंडिंग. कारागीर गाभ्याच्या पट्ट्या एकेक करून सोडवी, जळकी तार उलगडताना वेढे मोजी, तारेची जाडी मापी आणि तेवढेच वेढे नव्या तारेने भरी. परदेशी संचासाठी नवे रोहित्र मिळणे दुरापास्त होते, त्यामुळे भारतात ही कला टिकली. एक चतुर कारागीर ११० चे रोहित्र भरतानाच प्राथमिक वेढे दुपटीहून थोडे अधिक करी आणि मूळ अमेरिकन यंत्र कायमचे भारतीय करून देई. काही रोहित्रांत गुंडाळीच्या आत उष्णतेने तुटणारा लहानसा फ्यूज दडवलेला असे. केवळ तोच गेला असेल, तर कागदाचे दोन पदर उचलून रोहित्र वाचवता येई.

१२/२४
दाबाच्या जोडीला वारंवारतेची अडचण असे. अमेरिकेतून आणलेल्या यंत्रासाठी २३० चे ११० करणारे जड रोहित्र विकत मिळे. ते दाब उतरवते; वारंवारता मात्र ५० हर्ट्झच राहते. ६० हर्ट्झच्या हिशेबाने चालणारे विजेचे घड्याळ येथे तासाला दहा मिनिटे मागे पडे. विजेच्या वारंवारतेवर मोटार फिरवणारा रेकॉर्डप्लेअर पाच षष्ठांश वेगाने फिरे आणि गाणे जड, भसाड्या आवाजात ऐकू येई. ६० हर्ट्झसाठी काटकसरीने बनवलेली रोहित्रे ५० हर्ट्झवर अधिक तापत. दाब योग्य असूनही यंत्र हळूहळू का मरते, हे कोडे कारागिरांना या मार्गाने उलगडले.

१३/२४
१९७० च्या दशकात पॉवर सप्लायची जातच बदलली. जुन्या पद्धतीत भिंतीतील वीज प्रथम जड रोहित्रातून उतरवली जाई आणि नको असलेला दाब उष्णतेच्या रूपाने फेकून दिला जाई. नव्या पद्धतीत भिंतीतील वीज आधी थेट डीसी केली जाते. मग ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. इतक्या जलद गतीसाठी रोहित्र अगदी लहान पुरते. या पद्धतीला स्विचिंग पॉवर सप्लाय म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानांत त्याचे नाव एसएमपीएस. उच्च दाब सोसणारे आणि जलद चालणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, तेव्हा ही कल्पना घरगुती यंत्रांत उतरली.

१४/२४
१९७७ च्या ॲपल टू या संगणकासाठी रॉड होल्ट याने असा सप्लाय रचला. तो हलका होता, कमी तापत होता आणि म्हणूनच संगणकाच्या पेटीत पंखा ठेवावा लागला नाही. या पद्धतीचा तो पहिला निर्माता नव्हता. त्याआधीही अवकाशयानांत, मोठ्या संगणकांत आणि मोजमाप-यंत्रांत असे सप्लाय वापरात होते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्येही ६३.५ वॉटचा स्विचिंग सप्लायच होता. पुढे पीसीच्या असंख्य नकला निघाल्या. एकच कारखाना जगभरासाठी सप्लाय बनवू लागला. अमेरिकेसाठी ११५, युरोप आणि भारतासाठी २३०. दोन वेगळी यंत्रे बनवण्यापेक्षा एक खटका बसवणे स्वस्त होते.

१५/२४
त्या खटक्यामागची युक्ती समजली की पुढचा सारा अनर्थ समजतो. २३० हा एसीचा सरासरी स्वरूपाचा आकडा आहे. लाटेचे शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. डीसी केल्यावर कपॅसिटरवर हाच दाब साठतो. ११५ व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे १६३. तेथे सप्लायमधील दोन कपॅसिटर आळीपाळीने भरले जातात. लाटेच्या एका अर्ध्यात एक, दुसऱ्या अर्ध्यात दुसरा. दोन्ही एकावर एक असल्याने बेरीज पुन्हा ३२५. खटका एवढेच करतो, की दुप्पट करणारी एक तार जोडतो किंवा सोडवतो. पुढच्या सर्किटला अमेरिका आणि भारत यांतला फरक कळतच नाही.

१६/२४
आता खटका २३० वर ठेवून यंत्र अमेरिकेत लावले, तर पुढे केवळ १६३ व्होल्ट पोहोचतात. सप्लाय सुरूच होत नाही आणि सहसा काही बिघडतही नाही. उलट खटका ११५ वर ठेवून यंत्र भारतात लावले, तर प्रत्येक कपॅसिटरवर ३२५ आणि दोहोंची बेरीज ६५० व्होल्ट. कपॅसिटरवर मर्यादा छापलेली असते २०० व्होल्ट, आणि ट्रान्झिस्टर सोसतो साधारण ४०० च्या घरात. चूक तीच, पण एका देशात ती निरुपद्रवी आणि दुसऱ्या देशात विनाशक. कमी दाबाच्या देशाची सोय व्हावी म्हणून ठेवलेल्या खटक्याची शिक्षा नेहमी जास्त दाबाच्या देशातील ग्राहकाला झाली.

१७/२४
त्या सेकंदात आत काय घडते? अशा कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर असतो. तोच विद्युतरोधक. तो ठरावीक दाबासाठी घडवलेला असतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की थरातून प्रवाह झिरपू लागतो, आतील द्रव तापतो, वायू तयार होतो आणि डबी फुगते. डबीच्या माथ्यावर अधिकचे किंवा के अक्षरासारखे चिन्ह मुद्दाम खाचून ठेवलेले असते, ते अशा वेळी तेथूनच फाटावे म्हणून. तेथून निघणारा पांढरा धूर म्हणजे बहुतांशी त्या द्रवाची वाफ. ती खाच नसती, तर बंद डबी फटाक्यासारखी फुटली असती.

१८/२४
चांगल्या सप्लायमध्ये या प्रसंगासाठी एक बळीचा भाग ठेवलेला असतो. तो म्हणजे एमओव्ही, अर्थात दाबानुसार रोध बदलणारी झिंक ऑक्साइडची लहान चकती. जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या पदार्थाचा हा गुण विकसित केला. नेहमीच्या दाबाला ही चकती जवळजवळ प्रवाह सोडत नाही. मर्यादा ओलांडताच ती वाट मोकळी करते, प्रचंड प्रवाह आपल्या अंगावर घेते, फ्यूज उडतो आणि पुढचे सर्किट वाचते. एक चकती आणि एक फ्यूज बदलला की यंत्र चालू. स्वस्त सप्लायमध्ये मात्र या चकतीची जागा बोर्डवर छापलेली दिसते आणि चकती बसवलेलीच नसते. कारखान्याने वाचवलेले ते थोडे पैसे ग्राहकाला पूर्ण सप्लायच्या किमतीत भरावे लागतात.

१९/२४
फ्यूजची कल्पनाही एडिसनच्याच काळातली. वीजवितरणाच्या व्यवस्थेचा भाग म्हणून १८९० मध्ये त्याने फ्यूजचे पेटंट घेतले. काचेचा फ्यूज हा दुरुस्तीकाराचा पहिला साक्षीदार. आतील तार मधोमध हळुवार वितळलेली असेल, तर भार थोडा अधिक झाला होता. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर प्रवाह एकाएकी उसळला होता, म्हणजे पुढे कोठेतरी सरळ शॉर्ट आहे. अशा वेळी नुसता नवा फ्यूज बसवणारा नवशिका तोही गमावतो. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणारा तर बोर्डचे तांबे जाळून बसतो आणि आग लागण्याचा धोकाही ओढवून घेतो.

२०/२४
दुरुस्तीचा क्रम विजेच्या वाटेनेच जातो. सर्वांत आधी तार काढून मोठ्या कपॅसिटरमधील साठा रोधकातून उतरवला जातो, कारण यंत्र बंद केल्यावरही तेथे तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ टिकून राहतात आणि ते जीव घेऊ शकतात. मग मल्टीमीटरने फ्यूज, एमओव्ही, चार डायोडचा ब्रिज आणि मुख्य ट्रान्झिस्टर तपासायचे. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल, तर त्याला हुकूम देणारे छोटे रोधक आणि डायोडही बहुधा गेलेले असतात. ते न पाहता नवा ट्रान्झिस्टर बसवला, तर तोही बटण दाबताच जातो. फुगलेले दोन्ही कपॅसिटर जोडीने बदलायचे. रोहित्राच्या पलीकडची कमी दाबाची बाजू बहुतेक वेळा शाबूत असते, कारण मार तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच अलीकडची बाजू कोसळलेली असते.

२१/२४
भाग बदलल्यावर सप्लाय थेट भिंतीत लावायचा नसतो. येथे कामाला येतो सिरीज बोर्ड. साठ किंवा शंभर वॉटचा साधा तंतूचा बल्ब विजेच्या वाटेत माळेने जोडतात. सप्लायमध्ये अजून शॉर्ट असेल, तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि सारा दाब स्वतःवर घेतो. नवे भाग सुखरूप राहतात. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, तर कपॅसिटर भरले आणि सर्किट ठीक आहे असे समजावे. एडिसनच्या दिव्यासाठी जगाचे दाब ठरले होते. त्या दाबांच्या गोंधळात जळालेली यंत्रे तपासायलाही अखेर तोच तंतूचा दिवा उपयोगी पडला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर हा बल्ब आजही सापडतो.

२२/२४
खटका बरोबर असूनही यंत्रे जळण्याचा एक प्रसंग भारतात परिचित आहे. तो म्हणजे न्यूट्रल तुटणे. तीन फेजच्या जाळ्यात प्रत्येक घर एक फेज आणि सामायिक न्यूट्रल यांच्यामध्ये असते. न्यूट्रल सुटला की वेगळ्या फेजवरची दोन घरे ४०० व्होल्टच्या माळेत ओवली जातात, आणि ज्या घरात भार कमी त्याच्या वाट्याला दाब जास्त येतो. एका घरात हजार वॉटची इस्त्री आणि दुसऱ्यात शंभर वॉटचा भार असेल, तर दुसऱ्या घराला सुमारे ३६० व्होल्ट मिळतात. शिखर पाचशेच्या वर. मग एका रात्री एका आळीतील अनेक दूरदर्शन संच, सेट-टॉप बॉक्स आणि चार्जर एकत्र जळतात. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानात आलेली सगळी यंत्रे एकाच पद्धतीने मेलेली दिसतात, आणि अनुभवी कारागीर आळीचे नाव ऐकूनच निदान करतो.

२३/२४
लाल खटका नाहीसा झाला तो एका वेगळ्याच कायद्यामुळे. स्विचिंग सप्लाय विजेच्या लाटेच्या शिखरावर तेवढा प्रवाह ओढतात आणि त्यामुळे जाळ्यातील लाट विकृत होते. युरोपीय संघाने २००१ पासून त्यावर मर्यादा बंधनकारक केली. ती पाळण्यासाठी सप्लायच्या तोंडाशी पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट आले. ते येणारा दाब ९० असो वा २६४, पुढे सुमारे ३८० ते ४०० व्होल्टचा एकच डीसी दाब देते. मग खटक्याची गरजच उरली नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ’ असे छापलेले असते, त्यात टोकियो, न्यूयॉर्क, रिओ आणि रत्नागिरी एकत्र मावतात. विजेची जाळी एक झाली नाहीत. यंत्रांनीच सगळ्यांशी जुळवून घेतले.

२४/२४
जाळी एक करण्याचा प्रयत्न कागदावर मात्र झाला. १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने २३० हा समान आकडा ठरवला. युरोपातील २२० आणि ब्रिटनमधील २४० यांना त्यात बसवण्यासाठी मर्यादा सैल केल्या गेल्या. ब्रिटनच्या तारांतील दाब प्रत्यक्षात फारसा हललाच नाही. न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या परंपरेतील शेवटचा डीसी पुरवठा १४ नोव्हेंबर २००७ रोजी बंद झाला, म्हणजे पर्ल स्ट्रीटनंतर तब्बल १२५ वर्षांनी. इतकी वर्षे जुने निर्णय तारांमध्ये जिवंत राहतात. आजही परदेशातून आणलेला हेअर ड्रायर, जुना ॲम्प्लिफायर किंवा मिक्सर प्रवासी ॲडॉप्टरमधून भिंतीत जातो. तो ॲडॉप्टर पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. प्रत्येक देशाचा वेगळा प्लग ही जी एक आपसूक राखण होती, तीही तो काढून टाकतो. म्हणून कोणतेही परके यंत्र लावण्यापूर्वी त्याच्या पाठीवरील बारीक अक्षरांतील आकडा वाचावा. १८८२ आणि १८९९ मध्ये घेतलेले दोन निर्णय त्या एका ओळीत अजून एकमेकांसमोर उभे आहेत.